टोंगा: एक लाख वस्तीचा देश ऑस्ट्रेलियाला रग्बी लीगमध्ये हरवतो, हे नेमकं झालं कसं?

कराडचा_पीटी

राम राम मंडळी. मी शाळेत पीटी शिकवतो. उभा जन्म कबड्डीत गेला, रग्बीचं ज्ञान शून्य. एका माजी विद्यार्थ्याने परवा एका सामन्याची क्लिप पाठवली. ऑकलंडचं ईडन पार्क, नोव्हेंबर २०१९, टोंगा १६, ऑस्ट्रेलिया १२. स्टेडियम पार लालेलाल. आधी वाटलं यजमान टोंगाच आहे, मग लक्षात आलं की मैदान न्यूझीलंडचं.

नकाशा काढून बघितला तर टोंगाची वस्ती जेमतेम एक लाख. आमच्या कऱ्हाड तालुक्यात याहून जास्त माणसं असतील. एवढ्याशा देशातून असा संघ उभा कसा राहतो? काही खास प्रशिक्षण पद्धत आहे का, लहानपणापासूनची तालीम वगैरे? आणि रग्बीत पंधरा जण असतात असं ऐकलं होतं, इथे मोजले तर तेराच. जाणकारांनी जरा उलगडून सांगावं. पोरांना दाखवायचं आहे, पण आधी मला कळायला हवं.

खवचट_खंडू

सर, उत्तर एका ओळीचं आहे. तो टोंगाचा संघ नाहीच. निम्मे ऑस्ट्रेलियात जन्मलेले, निम्मे न्यूझीलंडमध्ये. पगार ऑस्ट्रेलियन लीगचा, शाळा सिडनीची, फक्त जर्सी टोंगाची. आजीचं गाव दाखवून संघ बदलायचा, आणि वर्तमानपत्रांनी 'चिमुकल्या देशाची भरारी' म्हणून छापायचं. तालीम वगैरे काही शोधू नका.

बसवाला_ओटाहुहू

सर, नमस्कार. मी मूळचा कोरेगावचा, म्हणजे तुमच्या जिल्ह्यातलाच. ऑकलंडच्या दक्षिण भागात बस चालवतो. माझ्या रूटवर ओटाहुहू आणि मांगेरे येतं, आणि टोंगाबाहेरचं टोंगा बघायचं असेल तर ते इथेच. खंडूशेठ म्हणतायत त्यातली बरीचशी माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मला पटत नाही. सावकाश सांगतो.

आधी खेळ. रग्बी दोन प्रकारचं. पंधरा जणांचं ते युनियन, तेरा जणांचं ते लीग. लीगमध्ये चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात. धरून पाडलं की एक संपला. पडलेला उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि पुन्हा धाव. सहाव्या टॅकलपर्यंत काही जमलं नाही तर चेंडू समोरच्याला. म्हणून पाचव्यानंतर बहुतेक वेळा लाथ मारून चेंडू लांब घालवतात. ट्रायचे, म्हणजे चेंडू समोरच्याच्या रेषेपलीकडे टेकवल्याचे, चार गुण, वरून लाथेने गोल मारला तर आणखी दोन, आणि चालू खेळात चेंडूचा टप्पा पाडून लाथेने ड्रॉप गोल मारला तर एक. तुमच्या पोरांना समजवायला सोपं आहे: रेडर चढाईला येतो आणि चार जण मिळून त्याला लॉबीच्या आत दाबतात, तीच पकड इथे ऐंशी मिनिटं चालते.

आता टोंगा. देशातला मानाचा खेळ युनियनच. १९७३ साली त्यांनी ब्रिस्बेनला युनियनमध्ये ऑस्ट्रेलियाला हरवलं होतं, २०११च्या विश्वचषकात फ्रान्सला. म्हणजे दणकट माणसं अचानक कुठून उगवली असं काही नाही. लीगमध्येही ती कधीपासून होती, फक्त दुसऱ्याच्या जर्सीत. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या क्लबांच्या लीग स्पर्धेतले जवळजवळ निम्मे खेळाडू पॅसिफिक बेटांच्या वंशाचे आहेत. त्यातले उत्तम ते ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड उचलणार आणि उरलेले टोंगा, सामोआ, फिजीला मिळणार, अशी रीतच पडली होती. त्यात पैसाही होता. ऑस्ट्रेलियाकडून खेळण्याचं मानधन टोंगापेक्षा कितीतरी पट जास्त.

ती रीत मोडली २०१७च्या ऑक्टोबरात, विश्वचषकाच्या तोंडावर. जेसन टॉमालोलो हा त्या वेळी जगातला सर्वात जबरदस्त फॉरवर्ड म्हणावा असा गडी. २०१६ला एनआरएलच्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक त्याला कूपर क्रॉंकबरोबर विभागून मिळालं होतं, आणि २०१७ला नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइज क्लबाने त्याच्याशी चक्क दहा वर्षांचा करार केला. न्यूझीलंडने त्याला गृहीत धरलेलं. त्याने सांगितलं, मी टोंगाकडून खेळणार. पाठोपाठ अँड्र्यू फिफिटा. तो तर ऑस्ट्रेलियाच्या संघात निवडला गेला होता, तिथून नाव काढून घेऊन टोंगाकडे आला. याआधी न्यूझीलंडकडून खेळलेले आणखी काही जणही या संघात होते: मानु माउ, डेव्हिड फुसितुआ, तुई लोलोहेआ.

हे नियमात बसत होतं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंग्लंड पहिल्या श्रेणीत, बाकी खालच्या. वरच्या श्रेणीतल्या देशाकडून खेळलेल्याला आईवडिलांच्या किंवा आजीआजोबांच्या खालच्या श्रेणीतल्या देशाकडे जायची मुभा होती. आणि एक मेख लक्षात घ्या. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विरुद्ध न्यू साउथ वेल्स अशी स्टेट ऑफ ओरिजिन नावाची मालिका असते, पैसा आणि मान दोन्ही तिथेच. त्या काळी न्यूझीलंडकडून खेळलात की ओरिजिनचं दार बंद. टोंगाकडून खेळलात तर उघडं. म्हणजे टोंगा निवडल्याने ऑस्ट्रेलियात वाढलेल्या पोराचं तेवढं नुकसान होत नव्हतं. हे कुणी फार बोलून दाखवत नाही, पण संघ असा भरण्यामागे भावनेइतकाच या नियमाचाही वाटा होता असं माझं मत.

तुम्ही प्रशिक्षणाचं विचारलंत. प्रशिक्षक होता क्रिस्टियन वूल्फ, ऑस्ट्रेलियन माणूस. २०१४पासून टोंगाचं काम बघत होता आणि एरवी टाउन्सव्हिलला खालच्या लीगमधला संघ सांभाळायचा. टॉमालोलोचा क्लबही टाउन्सव्हिलचाच. काही वर्षं हा माणूस पोरांशी नातं जोडत राहिला. निराळी तालीम काही नव्हती. खेळाडू एनआरएलच्या क्लबांनी आधीच घडवलेले होते, वूल्फने त्यांना एकत्र राहायला लावलं.

आता ११ नोव्हेंबर २०१७, हॅमिल्टन. टोंगा विरुद्ध न्यूझीलंड. मध्यंतराला न्यूझीलंड १६-२ पुढे. आमच्या डेपोच्या कँटीनमध्ये टीव्हीसमोर माझे टोंगन सहकारी डबे उघडून नुसते बसलेले, कुणी घास घेईना. दुसऱ्या सत्रात मात्र न्यूझीलंडची जी दमछाक झाली! फुसितुआने तीन ट्राय मारले. निकाल टोंगा २८, न्यूझीलंड २२. या श्रेण्या ठरल्यापासून विश्वचषकात पहिल्या श्रेणीच्या संघाला खालच्या श्रेणीतल्या संघाने हरवण्याची ती पहिलीच वेळ.

त्या महिन्यात ग्रेट साउथ रोडवर बस चालवणं म्हणजे काय होतं ते सांगून कळणार नाही. गाडीच्या चारही खिडक्यांतून झेंडे, बॉनेटला लाल कापड, कुंपणांना लाल कापड, कचऱ्याच्या डब्यालासुद्धा. लोक गाड्यांच्या टपावर बसून निघायचे. पोलीस रस्ता बंद करायचे आणि आम्हाला गल्लीबोळांतून वळवायचे. काही ठिकाणी मारामाऱ्या, अटकाही झाल्या, सगळं गोडगोड नव्हतं. पण बसमध्ये चढलेल्या आज्या तिकीट कार्ड टेकवायच्या आणि मागे जाऊन चर्चची स्तोत्रं म्हणायला लागायच्या, तीही दोन-तीन आवाजांत, सुरात. सामन्यातही तेच. हे लोक आरडाओरडा कमी करतात, गातात जास्त.

उपांत्य सामना इंग्लंडशी, ऑकलंडमध्येच, माउंट स्मार्टवर. तीस हजार माणूस. शेवटची सातेक मिनिटं उरली तेव्हा इंग्लंड २०-० पुढे. तिथून टोंगाने तीन ट्राय मारले, २०-१८. अगदी शेवटच्या क्षणी फिफिटा रेषेकडे झेपावला, चेंडू हातातून निसटला, पंच मॅट सेचिन यांनी व्हिडिओ न बघता नॉक-ऑन, म्हणजे चेंडू हातून पुढे पडल्याची चूक, दिला. संपला सामना. चेंडू हिसकावला होता की सुटला, यावर आमच्या डेपोत आजही भांडणं होतात. मी तटस्थ आहे, कारण मला शिफ्ट बदलून हवी असते.

वॉरिंग्टनची_वैशाली

बसवालेदादा, मस्त लिहिलंत. मी इंग्लंडमध्ये वॉरिंग्टनला हॉस्पिटलात काम करते, म्हणून दोन गोष्टी जोडते.

तेरा जणांचा खेळ जन्मला तो आमच्याकडे, उत्तर इंग्लंडमध्ये. १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि युनियनमधून फुटले. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंचा शनिवारचा रोज बुडायचा, तो भरून द्यावा एवढंच म्हणणं होतं. दक्षिणेतल्या साहेबलोकांना हौशी खेळाचं सोवळं मोडायचं नव्हतं. फुटलेल्यांत वॉरिंग्टनही होतं. तेव्हा लीगमध्ये 'पैशासाठी संघ बदलला' हे कुणी शिवीसारखं म्हटलं की इथले म्हातारे हसतात.

दुसरं म्हणजे टोंगाची गोष्ट २०१७ला सुरू होत नाही. १९९५ला ते पहिल्यांदा विश्वचषकात आले आणि पहिलाच सामना इथे वॉरिंग्टनच्या जुन्या विल्डरस्पूल मैदानावर न्यूझीलंडशी झाला. सामना संपत आला तेव्हा टोंगा २४-१२ पुढे होतं. हरले २५-२४ने, मॅथ्यू रिजच्या ड्रॉप गोलवर. माझ्या वॉर्डातला एक पेशंट तो सामना पाहिलेला होता आणि रक्तदाब मोजतानाही मला त्याचं समालोचन ऐकावं लागायचं.

आणि कराडच्या सरांनी टोंगाबरोबर सामोआही बघावा. २०२२च्या विश्वचषकात सलामीलाच इंग्लंडने त्यांना ६०-६ असं धुतलं. इथल्या लोकांनी त्यांना मोडीत काढलं होतं. मग उपांत्यपूर्व फेरीत, वॉरिंग्टनलाच, सामोआने टोंगाला २०-१८ हरवलं. मी ड्यूटी संपवून गेले होते. आणि पुढच्या आठवड्यात लंडनला आर्सेनलच्या मैदानावर त्याच इंग्लंडला २७-२६! जादा वेळेत स्टीफन क्रायटनचा ड्रॉप गोल. पॅसिफिक बेटांचा संघ विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचण्याची ती पहिली वेळ. ओल्ड ट्रॅफर्डला ऑस्ट्रेलियाने ३०-१० हरवलं, ते सोडा. क्रायटन, जरोम लुआई, ब्रायन तोओ हे तिघं महिनाभर आधी पेनरिथ क्लबाकडून एनआरएल जिंकून आले होते. टोंगाने वाट दाखवली नसती तर त्यातले कितीजण सामोआकडे आले असते, मला शंका आहे.

खवचट_खंडू

म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं की. पेनरिथ सिडनीचं, टाउन्सव्हिल ऑस्ट्रेलियाचं, प्रशिक्षक ऑस्ट्रेलियन, मैदान न्यूझीलंडचं. यात टोंगा कुठे आहे? उद्या न्यू जर्सीतले आपले लोक एकत्र येऊन 'महाराष्ट्र' म्हणून खेळले तर तो महाराष्ट्राचा संघ का?

बसवाला_ओटाहुहू

खंडूशेठ, प्रश्न रास्त आहे. न्यू जर्सीचं मला माहीत नाही, इथलं सांगतो.

न्यूझीलंडच्या २०१८च्या जनगणनेत ब्याऐंशी हजारांवर टोंगन लोक मोजले गेले. टोंगात एक लाख. शिवाय ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका वेगळी. म्हणजे माणसांपैकी निम्म्याहून जास्त देशाबाहेरच असतील. ते गेले कशाला? कारखान्यात, पॅकिंग शेडमध्ये, साफसफाईला, आमच्यासारखे गाड्या चालवायला. पाठवलेल्या पैशावर तिकडची घरं चालतात, चर्च बांधली जातात, पोरांची फी भरली जाते. माझ्याबरोबरचा एक ड्रायव्हर रविवारची ड्यूटी कधी घेत नाही, दुप्पट पैसे दिले तरी, कारण चर्चच्या बँडमध्ये तो ट्रॉम्बोन वाजवतो. पोरगा इथे जन्मलेला, घरात टोंगन बोलतो, आणि आजोबा वारले तेव्हा सगळं कुटुंब कर्ज काढून टोंगाच्या राजधानीला, नुकुआलोफाला गेलं. हा पोरगा कुठला, हे पासपोर्ट बघून मला तरी ठरवता येत नाही. आणि सगळेच बाहेर जन्मलेत असंही नाही. टोंगाचा खेळाडू कॉनराड हुरेल नुकुआलोफाचा, शिष्यवृत्तीवर ऑकलंड ग्रामर शाळेत आला. इथल्या शाळा बेटांवरून पोरं उचलून आणतात तेव्हा 'हा आमचा नाही' असं कुणी म्हणत नाही. तो न्यूझीलंडच्या जर्सीत आला की आमचा, आणि टोंगाच्या जर्सीत गेला की भाडोत्री. हा हिशेब मला कळत नाही.

माझा एक माओरी सहकारी मात्र २०१७ला खरंच दुखावला होता. त्याचं म्हणणं, आम्ही घडवलं, आम्ही संधी दिली, आणि विश्वचषकाच्या तोंडावर पाठ फिरवली. त्याच्या दु:खाला मी खोटं म्हणणार नाही. न्यूझीलंडचे हाल तर असे झाले की पुढच्याच सामन्यात फिजीने त्यांना ४-२ने बाहेर काढलं. अख्ख्या सामन्यात एक ट्राय नाही, कुणाचाच.

तुम्ही टोंगा कुठे आहे विचारलंत ना, तर खरी चिंता करण्यासारखी गोष्ट तिथे आहे. २०१९ला टोंगातल्या संघटनेने वूल्फला काढून टाकलं. ज्याने संघ उभा केला त्यालाच! खेळाडूंनी सांगितलं, या मंडळाखाली आम्ही खेळणार नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेने टोंगाचं सदस्यत्व निलंबित केलं, पुढच्या वर्षी मंडळाला काढूनच टाकलं. म्हणून सर, तुम्ही बघितलेला तो १६-१२चा सामना कागदोपत्री 'टोंगा निमंत्रित संघ' नावाने खेळला गेला. आठवडाभर आधी त्याच निमंत्रित संघाने हॅमिल्टनला ग्रेट ब्रिटनला १४-६ हरवलं होतं. आणि ऑस्ट्रेलिया? न्यूझीलंड, इंग्लंड किंवा ग्रेट ब्रिटन सोडून इतर कुणाकडून हरण्याची त्यांची १९७८नंतरची ती पहिली वेळ होती. त्या वर्षी फ्रान्सने हरवलं होतं. देशाची अधिकृत संघटना निलंबित असताना देशाने मिळवलेला सर्वात मोठा विजय! आपल्याकडच्या क्रीडा संघटना बघितलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही म्हणा.

त्यानंतर चढउतार आहेत. २०२३ला इंग्लंड दौऱ्यात तिन्ही सामने हरले. २०२४ला ऑकलंडमध्ये न्यूझीलंडला हरवलं, आणि वैशालीताई, गुण ऐका: २५-२४. तुमच्या त्या पेशंटला कळवा. पुढे पॅसिफिक चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात सिडनीला ऑस्ट्रेलियाकडून २०-१४ हरले. २०२५ला सामोआने ब्रिस्बेनमध्ये ३४-६ असं चोपलं, आणि आठवड्याने ईडन पार्कवर न्यूझीलंडने ४०-१४. त्या दिवशी बस शांत होती, मी रेडिओ बंद ठेवला.

एक सल मात्र आहे. मी वर सांगितलेल्या सामन्यांतला एकही टोंगात झालेला नाही. हॅमिल्टन, ऑकलंड, ब्रिस्बेन, सिडनी. तिकिटाचा आणि टीव्हीचा पैसा इकडेच फिरतो. आणि सामने किती मिळणार ते ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या वेळापत्रकावर. २०२० आणि २०२१ला, संघ ऐन भरात असताना, कोविडमुळे दोन वर्षं एकही कसोटी नाही. टॉमालोलोच्या उमेदीतली ती वर्षं गेली ती गेलीच.

वॉरिंग्टनची_वैशाली

२५-२४ कळवायला तो पेशंट आता नाही दादा, पण त्याच्या मुलीला मेसेज केला. तिने उलट विचारलं, त्यात ड्रॉप गोल होता का.

कराडचा_पीटी

मंडळी, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मी प्रशिक्षणाचं गुपित शोधत होतो आणि निघालं स्थलांतर, नियम आणि मंडळाचं राजकारण. खंडूशेठ, तुमचेही आभार, तुम्ही डिवचलंत म्हणून बसवालेदादांनी दुसऱ्यांदा लिहिलं. ओरिजिनचा मुद्दा तर मला पार नवा. आमच्याकडे पोरं गावच्या मंडळाकडून खेळायची की तालुक्याच्या नोकरीवाल्या संघाकडून यावर दरवर्षी घरोघरी भांडणं होतात, आणि तिथेही शेवटी असला एखादा नियमच निकाल लावतो.

आता कामाचं विचारतो. आठवीच्या वर्गाला एक तास आहे, प्रोजेक्टर मुख्याध्यापकांच्या मर्जीवर. एकच सामना दाखवायचा तर कोणता? आणि पुढचा विश्वचषक कधी?

बसवाला_ओटाहुहू

सर, हॅमिल्टन २०१७. सुरुवातीला टोंगाचा सिपी ताउ आणि न्यूझीलंडचा हाका, दोन्ही युद्धनृत्यं, समोरासमोर होतात, ती दाखवा, पोरं हरखतील. मग पहिलं सत्र सोडून द्या आणि थेट १६-२पासून लावा. दुसरं सत्र चाळीस मिनिटांचं आहे, तासात बसतं. फुसितुआच्या ट्रायच्या वेळी थांबवून विचारा की बचावात माणूस कुठे कमी पडला, तुमच्या कबड्डीवाल्यांना लगेच दिसेल. ईडन पार्कचा सामना निकालाने मोठा, पण मधे मधे रटाळ आहे, वर्ग पेंगेल.

विश्वचषक ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२६मध्ये, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पापुआ न्यू गिनीत. दहा संघ, त्यातले पॅसिफिक बेटांचे पाच: टोंगा, सामोआ, फिजी, पापुआ न्यू गिनी, कुक आयलंड्स. भारतात सामने कुठल्या चॅनलवर दिसतील ते आधी शोधून ठेवा, आणि इथली दुपार म्हणजे तुमच्याकडे सकाळची शाळा, तेवढं मुख्याध्यापकांच्या कानावर घाला.